राहिलेली भवानी

या सदरातल्या गोष्टी मी कित्येक वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला वाचते. लाईट जाते, कुत्री रडतात, पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते... आणि सांगणारा नेमका अमावास्येलाच घराबाहेर कसा काय पडलेला असतो, देव जाणे! मी शाळेत गणित शिकवते. सिद्ध होत नाही ते मी मानत नाही, आणि वर्गात मुलांनाही मानू देत नाही. तरी आज हे लिहायला बसले आहे, यावरून काय ते ओळखा. माझ्या गोष्टीत लाईट गेली नव्हती. शनिवार होता, ऊन चांगलं वर आलं होतं आणि रस्त्यावर भाजीवाला कोथिंबिरीच्या नावाने ओरडत होता.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहतो. मी आणि माझा नवरा मिलिंद. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. मिलिंदची आणि माझी ओळख कॉलेजपासूनची, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी झालंच नाही. तो मला वर्षा म्हणतो, मी त्याला मिलिंद. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही, पण ते असो.

मिलिंदबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. त्याला रंग कळत नाहीत. थट्टा नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. लाल, हिरवा, गुलाबी यांतला फरक त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. रेल्वेची नोकरी मेडिकलला हुकली ती याच पायी. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या वाढदिवसाला ‘राखाडी, एकदम सोबर’ म्हणून त्याने जी साडी आणली, ती भडक गुलबक्षी निघाली. मी पोट धरून हसले होते. ती साडी मी अजून नेसते, शुभ कामाला मुद्दाम काढते.

तर हा मिलिंद एका कंपनीत परचेसला होता. कंपनीने इथला प्लँट बंद केला आणि याला व्हीआरएस घ्यावी लागली. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला माणूस एकदम घरी बसला. पहिले काही दिवस माळे साफ केले, नळ दुरुस्त केले. मग गप्प झाला. टीव्ही चालू असायचा आणि हा भिंतीकडे बघत असायचा. मला ते बघवत नव्हतं.

मग एक दिवस त्याच्या डोक्यात गाळा घ्यायचं आलं. ठाण्यात, नौपाड्यात, रस्त्याला लागून. घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा. सगळ्यांनी वेड्यात काढलं. माझे भाऊजी म्हणाले, “मिलिंदराव, लोक आता मीठसुद्धा मोबाईलवरून मागवतात. गाळा घेणं म्हणजे पांढरा हत्ती दारात बांधणं.” पण मिलिंदचं गणित वेगळं होतं. तो म्हणायचा, “लोक दुकानात येणार नाहीत, मान्य. पण दहा मिनिटांत माल घरी पोचवायचा तर तो जवळ कुठेतरी ठेवायला नको? आज ना उद्या या कंपन्यांना गल्लीबोळातले गाळेच लागतील, बघ तू.” आणि हे सांगताना तो पुन्हा पहिल्यासारखा हातवारे करत बोलायला लागला होता... मी हो म्हणाले. व्हीआरएसची सगळी रक्कम त्यात जाणार होती. पण माझी खरी भीती पैशाची नव्हती. हा डाव फसला तर मिलिंद पुन्हा उभा राहणार नाही, ही होती.

गाळा दाखवला भोईरभाऊंनी. हे आमचे एजंट, ठाण्याचे मूळ गावकरी, तोंडाने फटकळ पण व्यवहाराला सरळ. नौपाड्यातल्या एका आतल्या रस्त्यावर जुनी तीन मजली इमारत, तिच्या तळमजल्यावर शेट्येकाकांचं मॅचिंग सेंटर. ब्लाऊजपीस, फॉल, अस्तर, परकर. एकेकाळी ठाण्यातल्या बायका साडीचा पदर हातात धरून तिथे रांग लावायच्या म्हणे. आता साड्याच कमी झाल्या, आणि ज्या नेसतात त्यांना ब्लाऊज तयार मिळतात. काकांचा मुलगा पुण्याला. काका एकटे, थकलेले. विकायला तयार झाले होते.

आम्ही सकाळी गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. उदबत्तीचा वास, नव्या कापडाच्या खळीचा वास, आणि लाकडी बैठकीवर पांढऱ्या चादरीच्या गादीवर मांडी घालून बसलेले काका. मी शुभशकुनाची म्हणून तीच गुलबक्षी साडी नेसून गेले होते. पायरी चढताना काकांची नजर माझ्या पायाशी गेली.

“वहिनी, फॉल उसवलाय तुमचा,” ते हसून म्हणाले. “विटलाही आहे. सकाळची वेळ आहे, आज तुमच्याच हातची भवानी होऊ दे. फॉल तरी घ्या.”

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. जुने दुकानदार ती फार मानतात. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत, प्रसंगी तोटा सोसून देतील. मी पर्सकडे हात नेलाच होता, तेवढ्यात मिलिंद म्हणाला, “काका, आम्ही अख्खा गाळाच घेतोय! याहून मोठी भवानी कुठली?”

सगळे हसले. भोईरभाऊ सगळ्यांत मोठ्याने. काकाही हसले. मिलिंदने टोकनचा चेक पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि बाजूला ठेवला. कपाळाला लावला नाही. आम्ही निघालो तेव्हा ते बसल्या जागेवरून म्हणाले, “सोडायला येत नाही, रागावू नका. भवानी झाल्याशिवाय मी गादीवरून उठत नाही.”

व्यवहार रीतसर झाला. गाळ्याचा ताबा मिळाला तेव्हा फडताळं रिकामी होती, माल एका व्यापाऱ्याने एकगठ्ठा उचलला होता. ती लाकडी बैठक तेवढी राहिली होती. ताबा दिल्यावर थोड्याच दिवसांत शेट्येकाका गेल्याचं कळलं. वय झालेलं होतं. आम्हाला वाईट वाटलं, आणि आम्ही भाडेकरू शोधायला लागलो.

भाडेकरू मिळेना. म्हणजे यायचे. केकवाला आला, रक्ततपासणीवाले आले, चष्मेवाला आला. जागा आवडायची, आणि मग फोन उचलणं बंद. शेवटी ज्यांची मिलिंद देव पाण्यात घालून वाट बघत होता, ते आले — घरपोच किराणा पोचवणारी एक कंपनी. त्यांचा माणूस परस्पर जागा बघून आला आणि त्याने फोन केला, “सर, बाहेरून बघितली जागा. पण पझेशन क्लिअर नाहीये का तुमचं? तिथे तर अजून जुने ओनर बसलेत. दुकान चालूय त्यांचं.”

चावी आमच्या घरी, टीव्हीशेजारच्या खिळ्याला लटकत होती.

मिलिंद म्हणाला, दुसऱ्या कुठल्यातरी दुकानात गेला असेल बावळट. पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज नौपाड्याला जायला लागला. पार्टी आली तर मालक जागेवर हवा, म्हणून. मला आधी बरंच वाटलं. माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत होता. दुपारी जेवायला घरी यायचा. मग जेवायला येईनासा झाला. डबा देऊ का विचारलं तर म्हणाला, “नको, भवानी झाल्याशिवाय कुठलं जेवण?” मला वाटलं चेष्टा करतोय. आणि मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. घडी घालायचे टॉवेल तो आधी हाताला लावून मापायचा, मनगटापासून कोपरापर्यंत. चपला दाराबाहेर अगदी जोडीने ठेवायचा, ज्यावरून मी त्याला सत्तावीस वर्षं बोलत आले होते.

हे सगळं मी दिवसभर एकटं बसण्याच्या खात्यात टाकलं. पण एके सकाळी मी शाळेत जायला साडी नेसून आरशापुढे उभी होते. मिलिंद मागून चहा घेऊन आला, आणि जाता जाता म्हणाला, “ब्लाऊज बदल. ही साडी मोरपंखी आहे आणि ब्लाऊज रामा आहे. जात नाही.”

मी उजेडात जाऊन बघितलं. खरंच तसं होतं. दोन हिरव्यांतला तो फरक मलासुद्धा कळला नव्हता. मिलिंदकडे वळून बघितलं तर तो शांतपणे चहा पीत होता. मी पलंगावरची गोधडी उचलली आणि तिच्यातले तुकडे एकेक दाखवत गेले. तो सांगत गेला. डाळिंबी. अबोली. आमसुली. शेवाळी. चिंतामणी. एकही चुकला नाही. ज्या माणसाला सिग्नल लाल की हिरवा हे दिव्याच्या जागेवरून ओळखावं लागतं, तो अबोली म्हणत होता. शब्दसुद्धा त्याचा नव्हता तो.

“मिलिंद, तुला दिसतंय?” मी विचारलं.

“काय?” तो म्हणाला, आणि घड्याळ बघून निघाला.

त्याच आठवड्यात शुभदाचा फोन आला. शुभदा माझी कॉलेजची मैत्रीण, नौपाड्यातच राहते. चिडलेली होती.

“अगं, दुकान सुरू केलंत आणि मला सांगितलं नाहीस?”

“कसलं दुकान?”

“मॅचिंगचं! शेट्यांच्या जागेत. किती माल भरलाय गं, फडताळं नुसती गच्च! मिलिंद बसलेला गादीवर. मी म्हटलं, चला, ओळखीच्या माणसाकडून घेऊ, पदर दाखवला. तर मला म्हणतो, आज नाही देता येणार, आधी भवानी होऊ दे. मी म्हटलं, अरे मग माझ्या हातची कर की! तर म्हणे, नाही, ती ठरलेली आहे, त्या येणार आहेत. हे काय धंदा करणं झालं?”

मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. फोन ठेवला आणि भोईरभाऊंना लावला. खरं तर त्यांना झापायलाच लावला होता, की आधीचा मालक बसतो म्हणून तुम्ही काय अफवा पसरवता. पण ते म्हणाले, “मॅडम, एक गोष्ट मी तुमाला बोललो नाय. तुमी जागा बघायला आलेल्या ना, त्या दिवशी संध्याकाळी मी कागद घेऊन परत गेलेलो. काका तसेच गादीवर. सकाळपासून एक गिऱ्हाईक नाय. पाण्याचा घोट नाय घेतलेला. मी बोललो, काका, मी घेतो एक रुमाल, उठा तुमी. नाय म्हणाले. बोलले, वहिनींच्या हातची भवानी म्हणून तोंडातून गेलंय, आता दुसऱ्याची कशी करू? तसंच शटर ओढलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी उघडलंच नाय. कधीच नाय उघडलं परत. व्यापाऱ्याला बोलावून माल देऊन टाकला.”

त्या रात्री मी मिलिंदला खूप समजावलं. म्हटलं, उद्या जाऊ नको, उद्या शनिवार आहे, माझी शाळा सकाळची, दुपारी आपण कुठेतरी जाऊ. तो हो म्हणाला. सकाळी मी उठले तर तो गेलेला होता. खिळ्याला चावी नव्हती. फोन उचलेना. मी शाळेत येत नाही म्हणून कळवलं, हाताला लागला तो ड्रेस चढवला आणि ठाणं गाठलं. स्टेशनवरून रिक्षा केली, आणि रिक्षावाल्यावर उगाचच ओरडत राहिले.

शटर वर होतं. पायरीपाशी मिलिंदच्या चपला, जोडीने. मी आत पाऊल टाकलं, आणि पहिल्यांदा वास आला — उदबत्तीचा आणि नव्या कापडाच्या खळीचा. फडताळं रिकामी होती. मला तरी रिकामीच दिसली. धूळ होती त्यांच्यावर. आणि लाकडी बैठकीवर मांडी घालून मिलिंद बसला होता. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर हसू आलं. फार सभ्य, अनोळखी हसू.

“या वहिनी,” तो म्हणाला.

सत्तावीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्या माणसाने मला वहिनी म्हणावं! मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. “मिलिंद, ऊठ. घरी चल,” मी म्हटलं. आवाज रडका झाला होता. त्याचा हात धरून ओढला. हात बर्फासारखा गार, आणि अंग जड, ओढलं तरी जागचं हलेना. तो तसाच हसत होता.

“रागावू नका,” तो म्हणाला. “भवानी झाल्याशिवाय मी गादीवरून उठत नाही.”

बाहेर कोथिंबीरवाला ओरडत होता. माणसं येत-जात होती. कुणाला हाक मारावी आणि काय म्हणून मारावी? मी पर्स उघडली. म्हटलं, “काका... फॉल द्या.”

त्याने रंग विचारला नाही. मी ड्रेसमध्ये होते, दाखवायला पदरही नव्हता. त्याने मागे न बघता हात वर केला, रिकाम्या फडताळातून काहीतरी काढल्यासारखं केलं, मनगट ते कोपर असं मापलं, घडी घातली, कागदात गुंडाळल्यासारखं केलं आणि माझ्यापुढे धरलं. त्याच्या हातात मला काहीही दिसलं नाही. तरी मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. पन्नासची नोट पुढे केली. ती त्याने डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, आणि एक मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की मला वाटलं हा आता पडतो की काय.

आणि मग तो कण्हत उभा राहिला. “आई गं... पायाला मुंग्या आल्या सगळ्या,” म्हणून पोटऱ्या चोळायला लागला. मग माझ्याकडे बघितलं. “अगं वर्षा? तू काय करतेस इथे? शाळा नाही का?”

मी त्याच्या गळ्यात पडून रडले. भर दिवसा, शटर सताड उघडं असताना. नौपाड्यातल्या लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं असेल.

शटर लावण्याआधी मी गाळा कोपरान् कोपरा बघितला. मिलिंदचे खिसे बघितले. पन्नासची नोट कुठेही नव्हती.

घरी आल्यावर संध्याकाळी पर्स उघडली, तर आत एक पुडी होती. जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदाची. कागदात फॉल होता, कोरा, खळीचा वास असलेला. मी कपाटातून ती साडी काढली, आमचा गाळा बघायला जाताना नेसलेली. तिच्या काठापाशी फॉल ठेवला. आता काय सांगू... तोच गुलबक्षी. सुताचाही फरक नाही. मी दुकानात मिलिंदला त्या साडीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

मी तो फॉल मिलिंदपुढे धरला. “हा रंग कुठला?”

त्याने चष्मा वर-खाली केला. “राखाडी ना? का गं?”

मी पोट धरून हसले. हसता हसता पुन्हा रडू आलं. तो बिचारा बघत राहिला.

पुढच्याच आठवड्यात त्या किराणावाल्या कंपनीचा फोन आला, आणि गाळा त्यांनी घेतला. लाकडी बैठक त्यांनी काढून टाकली, लोखंडी रॅक लावले. शटर अर्धं खालीच असतं, गिऱ्हाईक कुणी आत जात नाही. मी एकदा सहज त्यांच्या मॅनेजरला विचारलं, “सकाळी पहिली ऑर्डर कुणाची आली, ते बघता का तुम्ही?” तो हसला. “मॅडम, ऑर्डरी चोवीस तास चालू असतात. पहिली कुठली नि शेवटची कुठली!” तिथे कुणाला कधी काही दिसलं नाही, वास आला नाही. मिलिंदचं गणित बरोबर निघालं. आता त्याच्या ओळखीचे लोक गाळा घेण्याआधी त्याचा सल्ला घ्यायला येतात, आणि तो हातवारे करत त्यांना पटवून देतो. ते दिवस त्याला आठवत नाहीत. म्हणतो, कंटाळा यायचा गं बसून, झोप लागायची.

मला स्पष्टीकरण देऊ नका. रिकाम्या जागेत एकटं बसून मनावर परिणाम होतो, हे मलाही कळतं. पण मनावर परिणाम होऊन डोळ्यांना अबोली दिसत नाही, आणि पर्समध्ये फॉल येत नाही. मी हे उलटसुलट मांडून बघितलं आहे. सुटत नाही.

फॉल मी साडीला लावलेला नाही. तसाच कागदात ठेवला आहे. काकांचा मला राग नाही, उलट त्यांचं राहिलेलं काम माझ्या हातून झालं याचं बरंच वाटतं. पण एक विचार जात नाही. त्या शनिवारी मला उशीर झाला असता, मी आणखी काही दिवस हे सगळं एकटेपणावर ढकलत राहिले असते, तर त्या गादीवरून उठून माझ्या घरी कोण आलं असतं?

म्हणून आता रोज सकाळी मिलिंद बाहेर पडताना मी दारात उभी राहते. तो चपला शोधतो, एक इथे, एक तिथे पडलेली असते. त्या सापडल्या की लिफ्टचं बटण दाबून मागे वळतो आणि म्हणतो, “येतो गं वर्षा.”

ते ऐकल्यावरच मी दार लावते.